बाली ट्रिप : स्कूटीचं काय ते आधी ठरवा

(टिळकवाडी, बेळगाव. सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

वसुधा काकू ए-२०२: रोहन, तू टाकलेला बालीचा प्लॅन आत्ता चष्मा लावून नीट वाचला. "दिवस २ ते ६, लोकल फिरणं स्कूटीनं, दोघांत एक." ही स्कूटी चालवणार कोण? यांच्या गुडघ्याची वाटी बदलून अजून वर्ष झालं नाही. मी तिसऱ्या गेटजवळ पडले ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हापासून मी कुणाच्या ॲक्टिव्हाच्या मागं सुद्धा बसत नाही. पैसे भरून घ्यायच्या आधी हे सांगायला नको होतं?

रोहन बी-१०४: काकू टेन्शन घेऊ नका. तिथं सगळे स्कूटीनंच फिरतात. दिवसाला सत्तर-ऐंशी हजार रुपिया भाडं, म्हणजे आपले चारशे-साडेचारशे. सगळ्यात स्वस्त.

नंदू मामा ए-३०१: हजार वाचून आमच्या हिनं चहाचा कप खाली ठेवला 😂

वसुधा काकू ए-२०२: स्वस्ताचं मी विचारलं नाही. कोण चालवणार ते विचारलं.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ७ ते ११ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. 🙏

शैला वहिनी बी-३०२: वसुधाताई बरोबर बोलतात. चोर्ल्यातनं गोव्याला गेलो तेव्हा पण असंच झालं होतं. आधी सांगितलं मोठी गाडी, निघताना आला टेम्पो. आणि त्याचे पैसे अजून काही जणांनी दिलेले नाहीत.

सावंत ए-१०१: काही जण म्हणजे कोण? नाव घेऊन बोला की.

शैला वहिनी बी-३०२: मी नाव घेतलेलं नाही. ज्याला लागलं त्याला लागलं.

देसाई काका ए-४०१: आमचे जावई गेल्या वर्षी बालीला जाऊन आले. त्यांचा मुद्दा लिहितो. तिथं जायला गाडी मिळते, यायला मिळत नाही. उलुवातूच्या देवळात संध्याकाळी सहाला केचक नाच असतो. तो संपला की सगळं पब्लिक एकदम बाहेर पडतं आणि ॲपवर गाडी येत नाही. म्हणून जाऊन-येऊन गाडी थांबवूनच ठेवायची.

सावंत ए-१०१: टेम्पोचे माझे दिलेले आहेत. हवं तर स्क्रीनशॉट टाकतो.

बसवराज अण्णा बी-२०१: पैशाचं सोडा री. बालीचं बोला. मी तर चालत फिरणार, डॉक्टर रोज पाच किलोमीटर चाल म्हणायलाय.

रोहन बी-१०४: अण्णा तिथं चालून होत नाही. एअरपोर्टवरून उबुद चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, ट्रॅफिक असलं तर दीड-दोन तास. सगळं लांब लांब.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): रोहनदादा, लांब आहे म्हणूनच स्कूटी नको. चाळीस किलोमीटर अनोळखी रस्ता, ट्रकमधनं, वर ऊन नाहीतर पाऊस, आणि मागं बॅग घेऊन काकू? मार्च म्हणजे तिकडं पावसाळ्याचा शेवट. दुपारी धो धो येतो.

रोहन बी-१०४: ट्रॅफिक आपल्यासारखंच डाव्या बाजूचं आहे. खडेबाजारात गाडी चालवणारा माणूस जगात कुठंही चालवतो.

नंदू मामा ए-३०१: हे मात्र खरं 😂 गणपत गल्लीत शनिवारी संध्याकाळी गाडी काढली की लायसन घरपोच द्यायला पाहिजे.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): लायसनचाच प्रश्न आहे मामा. तिथं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. आपल्या आरटीओत मिळतं, फी हजार रुपये, वर्षभर चालतं. पण आपल्या लायसनवर जे वाहन असेल तेवढंच त्यात येतं. फक्त कारचं लायसन असलं तर स्कूटीचं परमिट मिळत नाही. आणि योग्य परमिट नसताना पडलात तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले हात वर करतात. तिथल्या दवाखान्याचं बिल खिशातनं भरायचं.

मंगल मावशी बी-१०४: रोहनचं लायसन चारचाकीचंच आहे. दुचाकीचं काढ म्हणून किती वेळा सांगितलं. ऐकत नाही.

रोहन बी-१०४: आई, ग्रुपवर कशाला

नंदू मामा ए-३०१: 😂😂😂

वसुधा काकू ए-२०२: म्हणजे इथं आमच्या पोरांना मागं बसवून आरपीडी क्रॉसला सोडतोस ते बिनलायसनचं होय?

रोहन बी-१०४: (संदेश काढून टाकला)

कुलकर्णी सर ए-२०४: सोसायटीचा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. बाली-फिली साठी वेगळा ग्रुप करावा. बी विंगच्या जिन्यातला बल्ब महिना झाला गेलाय, त्यावर एक अक्षर नाही.

सेक्रेटरी: सर, बल्ब उद्या होईल. टाकीचं लक्षात ठेवा सगळ्यांनी. 🙏

देसाई काका ए-४०१: माझा मुद्दा वाचला नाही वाटतं कुणी. जायला गाडी मिळते, यायला मिळत नाही. गाडी थांबवूनच ठेवायची.

शैला वहिनी बी-३०२: स्नेहा, मग तू कशी फिरलीस? तू तर मैत्रिणींबरोबर गेली होतीस ना?

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): वहिनी, आमच्यातलं कुणीच स्कूटी चालवत नव्हतं. जवळच्या जवळ जायला ग्रॅब आणि गोजेक ही ॲप. दोन्हीवर कारही मिळते, बाइकही. बुक करताना कार आलीय की बाइक ते बघून दाबायचं, नाहीतर दारात हेल्मेट घेऊन माणूस उभा. शिवाय ब्लूबर्डच्या निळ्या टॅक्सी, त्या मीटरनं चालतात. पण तसलाच निळा रंग मारलेल्या दुसऱ्या टॅक्सी पण आहेत. नाव वाचून बसायचं आणि मीटर चालू केला का बघायचं.

बसवराज अण्णा बी-२०१: मीटरनं रिक्षा? कायबे... म्हणजे काय, आपल्या बेळगावात आम्ही असलं बघितलंच नाही री.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): 😂 अण्णा. आता यातली मेख. उबुद, चांगू अशा काही भागांत तिथल्या गल्लीतल्या ड्रायव्हर लोकांनी पाट्या लावल्यात, ॲपवाल्यांनी इथनं पॅसेंजर उचलायचा नाही म्हणून. ॲपवाला ड्रायव्हर मेसेज करतो, पुढं मेन रोडला या. आम्ही रात्री बॅगा ओढत गेलोय. तिथले लोकल ड्रायव्हर सांगतात तो दर जास्त असतो, पण घासाघीस चालते. भांडायला जाऊ नका, त्यांचं पोट त्यावर आहे.

सावंत ए-१०१: अगदी गोव्यासारखं. तिथं पण ॲपवाल्याला टॅक्सीवाले उभं राहू देत नाहीत.

शैला वहिनी बी-३०२: गोव्याचं नाव सावंतांनी काढू नये.

सावंत ए-१०१: वहिनी तुम्ही आता मुद्दामच करायलाय.

नंदू मामा ए-३०१: गोवा बंद. बाली चालू. स्नेहा, आम्ही अकरा जण. ॲपवर अकरा माणसांना किती गाड्या बोलवणार?

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): मामा, लांबच्या दिवसाला ॲप नाहीच. गाडी आणि ड्रायव्हर दिवसभरासाठी घ्यायचे. आठ-दहा तासांचे साधारण सहा ते आठ लाख रुपिया, बहुतेक पेट्रोल धरून. एक रुपया म्हणजे तिथले १८० च्या आसपास धरा, म्हणजे गाडीला सव्वातीन ते साडेचार हजार. एका गाडीत सहाजण. दोन गाड्या घेतल्या तर माणशी सहाशे ते आठशे. तेवढ्यात दारात गाडी, एसी, बॅगा मागं, आणि पाऊस आला तर काच वर.

वसुधा काकू ए-२०२: हे रोहनच्या प्लॅनमध्ये का नव्हतं?

रोहन बी-१०४: काकू तुम्हीच म्हणाला होता बजेट चाळीसच्या वर जायचं नाही. मी कुठं काटायचं?

वसुधा काकू ए-२०२: गुडघ्यात नाही काटायचं.

नंदू मामा ए-३०१: गाडी कसली असते? आपल्याला माहितीची काही?

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): इनोव्हाच की. ती आधी तिकडंच निघाली, २००४ ला, आणि पुढच्या वर्षी आपल्याकडं आली. तिथं किजांग इनोव्हा म्हणतात. आणि आव्हान्झा म्हणून एक, ती जरा लहान. शेवटच्या सीटवर बारीक माणसं बसवायची.

बसवराज अण्णा बी-२०१: म्हणजे मी पुढं 🙏

देसाई काका ए-४०१: गाडी दिवसभर असली तर उलुवातूला पण थांबेल. हाच माझा मुद्दा होता. जायला मिळते, यायला मिळत नाही.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): बाबा, हो, सगळ्यांनी वाचलंय. तानाह लोतच्या देवळाला पण तेच. सूर्यास्त बघून सगळे एकदम निघतात.

देसाई काका ए-४०१: कुणी हो म्हटलं नाही म्हणून परत लिहिलं.

मंगल मावशी बी-१०४: मुलगा उत्साहानं सगळं करतोय. जरा गोडीत सांगा. मागच्या वेळी ट्रिपचं कुणी केलं होतं का?

वसुधा काकू ए-२०२: मंगल, रोहनवर राग नाही गं. आमच्या हाडांची काळजी. त्याला म्हणावं उद्या मांडे करणार आहे, येऊन जा.

रोहन बी-१०४: येतो काकू. पण मला सांगा, तिथले गव्हर्नरच जर पर्यटकांना स्कूटी देऊ नका म्हणत असते तर गोष्ट वेगळी. तसं तर काही नाही ना.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): म्हटलं होतं की दादा. मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर वायन कोस्टर यांनीच जाहीर केलं होतं, पर्यटकांनी भाड्याच्या दुचाकी वापरू नयेत, गाड्या घ्याव्यात. परदेशी लोक उघडेबंब, बिनहेल्मेट, बिनलायसनचे फिरत होते म्हणून. पुढं सगळीकडं लागू झालं नाही, स्कूटी अजून मिळतात. पण पोलीस थांबवतात.

नंदू मामा ए-३०१: रोहन, आता गप्प बस. तुझ्या आईनं लायसनचं आधीच सांगितलंय 😂

कुलकर्णी सर ए-२०४: मी येणार नाही, तरी एक विचारतो. तुमच्या तारखा १७ ते २३ मार्च ना?

रोहन बी-१०४: हो सर. पाडव्याची सुट्टी जोडून. १९ ला पाडवा, त्या दिवशी उबुद.

कुलकर्णी सर ए-२०४: म्हणजे कुणीही पंचांग उघडलेलं नाही. बालीतही शकच चालतो. १९ मार्च २०२६ ला आपला शके १९४८ सुरू होतो, त्यांचाही १९४८ त्याच दिवशी. तो दिवस म्हणजे न्येपी. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत संपूर्ण बेट बंद. रस्त्यावर वाहन नाही, माणूस नाही. दिवे मंद, आवाज नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं, पेचालांग म्हणून त्यांचे गावरक्षक रस्त्यावर पहारा देतात. ॲम्ब्युलन्स तेवढी सोडतात. स्कूटी घ्या नाहीतर इनोव्हा घ्या, त्या दिवशी दोन्ही जागच्या जागी.

शैला वहिनी बी-३०२: अगं बाई.

नंदू मामा ए-३०१: सर, तुम्ही येणार नाही म्हणता आणि प्लॅनमधला बॉम्ब तुम्हीच हुडकून काढता.

वसुधा काकू ए-२०२: रोहन, विमान १७ चं आहे ना? १९ चं नाही ना?

रोहन बी-१०४: १७ लाच पोचतो काकू. परत २३. विमानाला अडचण नाही. पण १९ चं सगळं बदलायला लागणार.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): अहो, ही तर मजा आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी ओगो-ओगोच्या मिरवणुका असतात, बांबू-कागदाचे मोठे मोठे राक्षस करतात आणि खांद्यावरनं नाचवत नेतात. पण १८ ला दुपारनंतर ठिकठिकाणी रस्ते बंद होतात, तेव्हा त्या दिवशी गाडीनं लांब जायचं नाही. हॉटेलपासून चालत जाता येईल एवढ्यातच बघायचं. १९ ला हॉटेलच्या आत निवांत. जेवण आत मिळतं का ते आधी विचारून ठेवा.

बसवराज अण्णा बी-२०१: उगादीला होळगी पाहिजे री मला. हॉटेलात कोण करणार?

वसुधा काकू ए-२०२: मी नेईन. पुरणपोळी दोन दिवस राहते. गुढी बाल्कनीत उभारू, त्याला तर आवाज होत नाही.

सावंत ए-१०१: मग राहायचं कुठं? प्लॅनमध्ये तर रोज हॉटेल बदलायलाय.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): दोनच ठिकाणी राहा. पहिले दिवस सनूर. समुद्राला लागून पाच किलोमीटर फरसबंद वाट आहे, सपाट, गाड्या नाहीत. अण्णांची पाच किलोमीटर तिथंच होतात, सायकली पण भाड्यानं मिळतात. काकांच्या गुडघ्याला चढ नाही. मग उबुदला जा, तिथं राजवाडा, बाजार, माकडांचं जंगल सगळं मधल्या भागात राहिलात तर चालत होतं. फुटपाथ मात्र बघून चाला, मध्येच फरशी गायब आणि खाली गटार. आणि खाली पानांच्या द्रोणात फुलं ठेवलेली असतात, ती नैवेद्याची, त्यावर पाय देऊ नका.

मंगल मावशी बी-१०४: नुसा पेनिदा राहू दे का मग? फोटो फार छान टाकलेत रोहननं.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): जा की मावशी. बोट सनूरवरनंच सुटते, तासाच्या आत पोचते. पण त्या बेटावरचे रस्ते चढ-उताराचे आणि काही ठिकाणी फार खराब. तिथं स्कूटी अजिबात नाही. बोटीच्या तिकिटाबरोबरच पलीकडची गाडी ठरवून घ्या. आणि कड्याखाली उतरायच्या नादाला मोठ्या माणसांनी लागू नये, वरनंच बघायचं.

रोहन बी-१०४: ठीक आहे. नवा प्लॅन असा. १७ ते २० सकाळ सनूर. १९ हॉटेल. २० ला दोन गाड्या, वाटेत थांबत उबुद. २१ उबुद, चालत. २२ ला गाड्या दिवसभर, तानाह लोत करून उलुवातू, रात्री एअरपोर्टजवळ मुक्काम. २३ परत. पेनिदा १८ ला सकाळी, दुपारी लवकर परत.

स्नेहा (देसाईंची, बेंगळूर): १८ ला पेनिदा नको. परतीची बोट आणि मिरवणुकीचे रस्ते दोन्ही जमणार नाही. २० ला सनूरवरनं पेनिदा करा आणि उबुदला २१ ला सकाळी जा. तानाह लोत आणि उलुवातू एका दिवसात नको, दोन्हीकडं सूर्यास्तच बघायचा असतो. उलुवातूच ठेवा.

देसाई काका ए-४०१: उलुवातूला गाडी थांबवून.

रोहन बी-१०४: हो काका, गाडी थांबवून. लिहिलं. माणशी साधारण दोन-अडीच हजार वाढतील. शिवाय व्हिसा ऑन अरायव्हलचे पाच लाख रुपिया आणि बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया, ते आधीच धरलेत.

शैला वहिनी बी-३०२: आमचे उद्या पाठवते. काही जणांसारखं सहा महिन्यांनी नाही.

सावंत ए-१०१: (स्क्रीनशॉट) घ्या. गोव्याचे. तारीख बघा.

शैला वहिनी बी-३०२: बघितली. मग हिशोब ज्यांनी केला त्यांनी बघावं.

नंदू मामा ए-३०१: हिशोब मी केला होता. उद्या वही काढतो. सावंत, सॉरी हां.

वसुधा काकू ए-२०२: रोहन, मला आणि यांना पहिल्या गाडीत मधली सीट दे. पाय लांब करता आले पाहिजेत.

सावंत ए-१०१: मला पुढची. घाटात उलटी होते.

बसवराज अण्णा बी-२०१: पुढची माझी री. मघाशीच सांगितलंय.

रोहन बी-१०४: दोन गाड्या आहेत, दोन पुढच्या सीट आहेत. एक एक घ्या. मी आत्ता ड्रायव्हरला मेसेज टाकतो.

सेक्रेटरी: टाकी उद्या ७ ला. आणि कुलकर्णी सर, बल्ब नऊ वॅटचा चालेल का?

कुलकर्णी सर ए-२०४: बारा.