म्हसरूळहून सातपूरला बस वाढवून मागायची तर नक्की काय मागायचं?

म्हसरूळकर_ताई

मंडळी, जरा मदत हवीये. मी राहते नाशिकच्या म्हसरूळला आणि काम सातपूर एमआयडीसीत. सकाळी पावणेआठला स्टॉपवर असते. तिथल्या वेळापत्रकावर कित्येक महिने कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, त्यामुळे बस कधी हे शेजारच्या चहाच्या टपरीवाल्या दादांना विचारायचं, ते चहा गाळता गाळता न बघताच सांगतात "आत्ताच गेली ताई" आणि त्यांचं कधी चुकत नाही. मग निमाणीच्या बस स्टँडला उतरून दुसरी बस. पस्तीस मिनिटं काहीच नाही आणि मग दोन एकामागे एक, पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, दुसरी जवळजवळ रिकामी. उशीर झाला की शेअर रिक्षा, त्यात चौथी सवारी म्हणजे ड्रायव्हरच्या मांडीवरच.

कॉलनीतल्या आम्ही दहा-बारा जणी निवेदन द्यायचं म्हणतोय. नुसतं "बस वाढवा" लिहिलं तर फायलीत जाणार हे मलाही कळतं. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, सगळीकडे खणून ठेवलंय, म्हणजे पैसा येतोय ना? त्यातून होईल का काही? नेमकं मागायचं काय?

डेपोकाका

ताई, मी एसटीच्या वाहतूक शाखेत होतो, आता रिटायर. बस किती हे विचारूच नका, किती मिनिटांनी ते विचारा. समजा म्हसरूळ-सातपूर थेट गाडी, १२ किमी धरू. ताशी १५ चा वेग म्हणजे जायला ४८ मिनिटं, यायला ४८, दोन्ही टोकांना सहा-सहा मिनिटं थांबा, एक चक्कर १०८ मिनिटांची. दर २० मिनिटांनी गाडी सोडायची तर सहा गाड्या लागतात आणि दर १० मिनिटांनी तर अकरा. म्हणजे पाच गाड्यांचा प्रश्न आहे. पण रविवार कारंजाला दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, त्यात वेग १२ वर आला की तीच चक्कर १३२ मिनिटांची होते, मग दर १० मिनिटांसाठी चौदा गाड्या लागतात. तीन गाड्या नुसत्या पार्किंगने खाल्ल्या बघा, आणि त्यांचे ड्रायव्हर, गॅस, सगळं आलंच.

दोन गाड्या एकत्र येतात त्यात ड्रायव्हरची चूक क्वचितच असते. पुढची दोन मिनिटं लेट झाली की पुढच्या स्टॉपवर जास्त माणसं जमलेली, चढायला वेळ लागतो, ती अजून लेट होते, आणि मागचीला कुणी उरलेलंच नसतं म्हणून ती पळत येऊन हिला गाठते. निमाणीला कंट्रोलरने मागची गाडी चार मिनिटं धरून ठेवली तरी अंतर सुटतं. खर्च शून्य, फक्त आत बसलेल्यांच्या शिव्या खाव्या लागतात, मी पुष्कळ खाल्ल्यात.

गंगापूररोडवाला

राग मानू नका पण दुपारी १२ ला बघा, निम्म्या गाड्या मोकळ्या फिरतात. आमच्या टॅक्सचा पैसा आहे तो. आधी त्या बंद करा मग वाढवायचं बोला.

डेपोकाका

भाऊ, दुपारची फेरी काढली की सकाळचा प्रवासी पण जातो. ज्या बाईची शिफ्ट दोनला सुटते तिला परतीची गाडी नसेल तर ती सकाळीसुद्धा बसने जाणार नाही, स्कूटीच घेईल. एसटीत असताना गावाकडच्या किती मार्गांवर हे झालेलं बघितलंय, एक फेरी तोट्यात म्हणून काढली, वर्षभरात शेजारची पण तोट्यात.

फाईलवाला_नाशिक

कुंभाच्या पैशाचं सांगतो. तो बहुतेक भांडवली कामांना असतो, रस्ते, पूल, घाट. ड्रायव्हरचा पगार आणि सीएनजी हा रोजचा खर्च, तो त्यात बसत नाही. जुलै २०२१ ला मनपाने सिटी बस सुरू केली ती किमीच्या करारावर, तिकिटाचा पैसा मनपाकडे, ठेकेदाराला किमीप्रमाणे बिल, मधला फरक मनपाच्या बजेटमधून. म्हणजे तुमची वाढीव फेरी दरवर्षी बिल घेऊन येते. काकांच्या पाच गाड्या रोज २०० किमी धावल्या आणि किमीला ७५ रु. पडले (दर मी उदाहरणाला धरलाय) तर दिवसाला ७५ हजार, वर्षाला पावणेतीन कोटीच्या आसपास, त्यातून तिकीट वजा. आणि याच शहरातल्या मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर चालणारी मेट्रो) २०२१ च्या केंद्रीय बजेटात २,०९२ कोटी जाहीर झाले होते! मोठ्या कामाला आकडा पटकन मिळतो हो, रोज चालवायला कुणी देत नाही.

एक अपवाद आहे, ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेली केंद्राची पीएम ई-बस सेवा, १०,००० ई-बसची. त्यात १२ मीटरच्या गाडीला किमीमागे २४ रुपये आणि तेही १० वर्षं, म्हणजे चालवायलाच पैसा. निवेदनात हिचं नाव घाला. आणि हा आकडा पण घाला, केंद्राच्या २००९ च्या मापदंडात हजार लोकांमागे ०.६ बस म्हणजे पहिला वर्ग, ०.२ च्या खाली शेवटचा. सेवा सुरू करताना २५० गाड्यांचं नियोजन होतं, २०११ च्या जनगणनेत शहर १४ लाख ८६ हजार, भागाकार ०.१७ येतो. आज लोक किती वाढलेत ते वेगळंच.

ओझर_अपडाऊन

आणि आम्ही? मी रोज ओझरहून येतो. सिटी बस हद्दीबाहेर जाते पण खर्च नाशिक मनपाच्या माथी, मग पैसे कमी पडले की पहिली कात्री आमच्याच फेऱ्यांना लागणार ना. पुण्यात पीएमपीची, म्हणजे तिथल्या सिटी बसची, तूट पुणे मनपा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटून घेतात. इथे २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, बांधकाम परवानगीला आमची गावं त्यांच्यात, मग बसच्या वर्गणीला का नाही? ताई एक ओळ आमच्यासाठी पण टाका.

म्हसरूळकर_ताई

टाकते दादा. सध्या असं ठरतंय: सकाळी ७ ते १० दर १० मिनिटांनी, दुपारच्या फेऱ्यांना हात लावायचा नाही, निमाणीला कंट्रोलर, रविवार कारंजाचं पार्किंग आणि ई-बसची योजना. काका, पुरावा म्हणून गाड्यांच्या वेळा लिहून काढायच्या का?

डेपोकाका

हो, सलग सहा दिवस, कामाच्या दिवसांचे. गाडी आली ती वेळ, गर्दी किती, बस्स. "खूप वेळ लागतो" याला साहेब मान डोलावतात, "मंगळवारी ७.५२ नंतर थेट ८.३१" याला उत्तर द्यावं लागतं.

म्हसरूळकर_ताई

टपरीवाल्या दादांना विचारलं. म्हणाले वही आणून द्या, मी लिहितो सगळं. पण फ्लेक्स तुम्ही काढा म्हणे, ते साहेब रोज माझ्याकडेच चहाला येतात.