अपरिमेय वर्गमुळाचा अंदाज : उत्तर कमीच का येतं, हे मुलांना कसं दाखवू?

सातवी-आठवीच्या मुलांना अपरिमेय वर्गमुळाचा अंदाज शिकवतेय. √५५ हे ७ आणि ८ यांच्या मध्ये येतं, इथपर्यंत वर्ग व्यवस्थित येतो. (५५ चे निम्मे करून २७.५ सांगणारे एकदोघे असतात, पण २७.५ चा वर्ग करायला लावला की तेच हसतात.)

पुढे मी अंतराच्या प्रमाणाने अंदाज करायला सांगते. ४९ ते ६४ हे अंतर १५, त्यातले ६ ओलांडले, म्हणून ७ + ६/१५ = ७.४. खरी किंमत ७.४१६ च्या आसपास, म्हणजे छानच. पण हीच रीत √२ ला लावली की १.३३ येतं आणि खरी किंमत १.४१४! एका मुलीने नेमकं पकडलं : "आपलं उत्तर नेहमी कमीच का येतं?"

संख्यारेषेवर १, ४, ९, १६ मांडून अंतरं वाढत जातात हे दाखवलं. त्यातून 'अंतरं सारखी नाहीत' एवढं कळलं, 'कमीच का' हे नाही. चौकटीच्या कागदावर चौरसही काढून झाले. मग अंदाजाची दुसरी रीत म्हणून ७ आणि ५५÷७ यांची सरासरी घेतली तर ७.४३ येतं, म्हणजे थोडं जास्त. त्याने गोंधळ वाढलाच.

वक्राचा आलेख त्यांना अजून माहीत नाही, (a + b)² चं सूत्रही नाही. कॅल्क्युलेटर फक्त पडताळ्यापुरता. अचूक रीत नकोय, भागाकार पद्धत माहीत आहे.

तर एखाद्या चौरसाच्या आकृतीतून किंवा कागद कापून, प्रमाणाने काढलेला अंदाज कमीच का पडतो, हे एका तासात कसं दाखवता येईल?