किर्गिझ गरुडशिकार: बंद करा म्हणण्यापूर्वी

दऱ्याखोरे:
किर्गिझस्तानातील गरुडशिकार, म्हणजे पाळलेल्या गरुडाकरवी केलेली शिकार, हा पर्यटकांसाठी मांडलेला क्रूर खेळ असून तो तातडीने बंद व्हावा, असे शर्वरी यांनी काल लिहिले. हे वाचून गप्प बसवले नाही. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिणेला बोकोनबायेवो परिसरात घोडा, सोनेरी गरुड आणि तायगान जातीचे वेगवान शिकारी कुत्रे यांच्या साथीने होणारी ही शिकार, म्हणजेच सालबुरून, मुळात हिवाळ्यातली. कोल्ह्याची जाड लव थंडीतच मिळते आणि सोव्हिएत काळात ती सरकारजमा होत असे. गरुडाची मादी मोठी व बलदंड, म्हणून तीच पाळतात आणि काही वर्षांनी रानात सोडण्याची रीत आहे. युनेस्कोने ससाणेविद्येच्या (शिकारी पक्षी पाळून शिकार करण्याच्या कलेच्या) वारशात २०२१ मध्ये किर्गिझस्तानचा समावेश केला, तो उगाच नव्हे.

शर्वरी:
युनेस्कोच्या मोहरेने घरट्यातून उचललेल्या पिल्लाचे दुःख कमी होत नाही. उत्सवांमध्ये पकडून आणलेल्या लांडग्यावर गरुड आणि कुत्रे सोडतात, त्याला शिकार कसे म्हणावे?

लातूरकर:
तायगानबद्दल कोणी बोलतच नाही! आमच्या घरी तीन पिढ्या तशीच वेगवान, कारवानी जातीची शिकारी कुत्री होती. माझे आजोबा त्यांना रोज पहाटे माळावर पळवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार थांबली, हे योग्यच झाले. पण आज हीच कुत्री शहरात साखळीला बांधलेली पाहून माझा जीव तुटतो. धावण्यासाठी घडलेल्या जनावराला धावू न देणे हीसुद्धा क्रूरताच आहे.

शर्वरी:
धावायला जिवंत ससा कशाला हवा? दोरीने ओढलेल्या चिंधीमागेही कुत्री तितकीच जीव तोडून धावतात.

लातूरकर:
चिंधीमागचे धावणे ठरलेल्या वाटेने होते. ससा वळतो, हुलकावणी देतो. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही, त्यांनी आम्हाला शिकवू नये.

शर्वरी:
मी काय पाळले, हे तुम्हाला ठाऊक नाही. व्यक्तिगत शेरे आवरा.

दऱ्याखोरे:
मूळ मुद्द्यावर या. कोंडलेल्या लांडग्याचे समर्थन मी करत नाही. ते प्रकार थांबलेच पाहिजेत, एवढे नाइलाजाने का होईना, मान्य करतो. पण रानातही गरुडाची बहुतेक पिल्ले प्रौढ होण्याआधीच दगावतात, हेही विचारात घ्या.

शर्वरी:
ती निसर्गात दगावतात, माणसाच्या हातमोज्यावर नव्हे. खरोखर सोडून दिलेल्या मादीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र उन्हाळाभर पर्यटकांपुढे डोळे झाकणारी टोपी घालून बसवलेल्या गरुडाला तुमची हिवाळी परंपरा लागू होत नाही.