टिळकांच्या भाषणात १८९१ घालायचं की नाही?

वहीतलं_पान:
मुलगी पाचवीत आहे, १ ऑगस्टला शाळेत टिळक पुण्यतिथीचं भाषण आहे. वहीत उतरवून दिलेलं वाचलं, शेंगांची टरफलं, स्वराज्य माझा जन्मसिद्ध हक्क, मंडाले, संपलं. मी म्हटलं यात संमतीवयाचं बिल पण घालू, तर घरातच वाजलं. आई म्हणाली पुण्यतिथीला कुणाची उणीदुणी काढतात का. अहो पण बंगालमधे फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या बळजबरीने गेली, त्यानंतर १८९१ ला सरकारने संमतीवय, म्हणजे ज्या वयाआधी मुलीशी शरीरसंबंध ठेवणं नवऱ्यालाही गुन्हा, ते १० चं १२ केलं, फक्त १२, आणि टिळकांनी केसरीतून त्याला कडाडून विरोध केला. माझी मुलगी आज दहाची आहे. तिला हे कळायला नको?

पेठेतला:
सांगायचं तर पूर्ण सांगा. त्यांचा विरोध परक्या सरकारने कायदा करून आपल्या घरात शिरण्याला होता. १८९० मधे त्यांनी स्वतःच सुचवलेलं की मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं वीसच्या आत नको, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न केलं तर विधवेशीच, आणि सुधारकांनी आधी सह्या करून हे स्वतः पाळावं. आजची फूटपट्टी तेव्हाच्या माणसाला लावू नका, काळच तसा होता.

कृष्णाकाठ:
काळ तसा होता तर आगरकर कुठल्या काळातले? दोघांचा जन्म १८५६ चा, दोघं डेक्कन कॉलेजचे, १८८२ ला कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांवर लिहिल्याच्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. तेच आगरकर बिलाच्या बाजूने उभे राहिले आणि पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. त्या डोंगरीच्या खटल्यात जामिनाचे दहा हजार कुणी उभे केले माहितेय का, जोतिराव फुल्यांच्या शब्दाखातर सत्यशोधक रामशेठ उरवण्यांनी. आणि १९०१ ला वेदोक्ताचा वाद पेटला, शाहू महाराजांना वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करणं नाकारलं, तेव्हा केसरीत त्या मागणीला 'खूळ' म्हटलं गेलं. आमच्या आजोबांनी घरात टिळकांचा फोटो कधी लावू दिला नाही, त्यामागे हे होतं.

गिरणगावकर:
आमच्याकडे नेमकं उलट, शिवाजी महाराजांच्या शेजारी टिळकांची तसबीर, पणजोबांनी लावलेली, काच तडकलीय तरी आजी बदलू देत नाही. १९०८ ला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस असा हिशोब. गोळीबार झाला, माणसं मेली. ते काय पुण्याचे शास्त्री होते? कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेली माणसं ती. हा माणूस आपल्यासाठी तुरुंगात चाललाय एवढं त्यांना दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

कृष्णाकाठ:
खोटं होतं असं मी म्हणतच नाही, त्या माणसांबद्दल आदरच आहे. पण पेठेतला, सह्यांचा विषय तुम्हीच काढलात म्हणून विचारतो. १९१८ ला मुंबईत अस्पृश्यता निवारणाची परिषद झाली, विठ्ठल रामजी शिंद्यांनी भरवलेली. देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, हे टिळकांचं भाषण सगळे सांगतात. पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली नाही, हे कुठल्या भाषणात ऐकलंत?

पेठेतला:
नाही ऐकलं. सहीचा मुद्दा लागला मला, कबूल करतो. सुधारकांना जे मागितलं ते स्वतः करायला हवं होतं. पण तरी दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी स्टेजवर संमतीवय घालू नका, वर्गातल्या पोरांना त्याचा अर्थ कोण समजावणार? आगरकर घाला, डोंगरीचे १०१ दिवस घाला. दोन मित्र एका कोठडीत होते आणि पुढे त्यांचं पटलं नाही, हे पाचवीतल्या पोरांना बरोबर समजतं.

वहीतलं_पान:
डोंगरी घेतो, जामीन पण घेतो. गिरणीचे सहा दिवस तर घेणारच, ते मलाही कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. 'संमतीवय' शब्द काढतो, पण बिल काढणार नाही, 'लहान मुलींच्या लग्नाबद्दल दोघांचं भांडण झालं' असं लिहितोय. भाषणाला तीनच मिनिटं आहेत, टरफलं जातील.