मदत हवी आहे: हेडगिअर लावून कुशीवर झोपायची सवय कशी लावावी?

नमस्कार मंडळी. माझी लेक ११ वर्षांची आहे. वरचा जबडा पुढे असल्यामुळे तिचे ओठ नीट मिटत नाहीत. गेल्या आठवड्यात तिला हेडगिअर बसवलं. वरच्या दाढांवर धातूच्या कड्या आहेत, त्यांच्या बारीक नळ्यांत तारेचं धनुष्य अडकतं आणि मानेमागचा पट्टा ते मागे ओढतो. नुसत्या ब्रेसेसमध्ये दातांना दातांचाच आधार असतो, इथे तो मानेचा मिळतो. त्यामुळे वरच्या जबड्याची पुढे होणारी वाढ रोखली जाते आणि तोवर खालचा वाढून त्याला गाठतो. म्हणून हे वाढीच्या वयातच करायचं. डॉक्टरांनी समजावलं, मला पटलंही.

पण रोज १२ ते १४ तास म्हणजे रात्रभर आलंच, आणि ही जन्मापासून कुशीवर झोपणारी! तार गालात रुतते, सकाळी लाल वळ दिसतो. काल पहाटे पाहिलं तर पट्टा उशीखाली. दाढा ठणकतात, पोळी चावत नाही, मऊ खिचडीवर भागवतोय.

ज्यांच्या मुलांनी हे वापरलंय, त्यांनी उशी कशी ठेवली? किती दिवसांत सवय झाली? आणखी एक, पट्टा जोरात ओढला गेला तर आपोआप सुटणारी क्लिप तुमच्याकडे होती का? ताणलेली तार उसळून डोळ्याला लागू शकते, त्याची मला फार धास्ती वाटते. आमच्या पट्ट्याला तशी क्लिप दिसत नाही. उद्याच विचारणार आहे, तोवर रात्री लावू की नको?