सिंग्लिशमधली मलय: वारसा की नुसती उसनवारी?

क्लेमेंटीकर:
सिंगापुरात नव्याने आलेले आपले लोक सिंग्लिशला, म्हणजे इथल्या बोलीतल्या इंग्रजीला, 'मोडकी इंग्रजी' म्हणत नाकं मुरडतात. मला हे पटत नाही. तिच्यातले मलय भाषेतून आलेले शब्द बघा: माकान म्हणजे जेवण, ताहान म्हणजे सोसणं, लेपाक म्हणजे निवांत टवाळक्या करणं. इंग्रजी घरोघरी पोचण्याआधी चिनी दुकानदार, तमिळ मजूर आणि मलय शेजारी एकमेकांशी बाजारी मलयमध्ये, म्हणजे व्यवहारापुरत्या सोप्या मलयमध्ये, बोलत. इंग्रजी त्यावर येऊन बसली. 'केना' घ्या. 'केना फाइन' म्हणजे दंड बसला, 'केना स्कोल्डिंग' म्हणजे बोलणी बसली. कौतुक मात्र सहसा 'केना' होत नाही! हे व्याकरण झालं, स्लँग नव्हे.

बेडोककर:
वारसा, पण कोणाचा? मलय इथली राष्ट्रभाषा, राष्ट्रगीतही मलयमध्ये. बाकीच्या बहुतेकांना त्यातलं येतं काय? खाणं, भटकणं आणि 'बोदोह', म्हणजे मूर्ख. 'हुलू' म्हणजे नदीचा वरचा भाग, त्याचं 'उलू' करून आडगावाला नावं ठेवायची. मलयची नुसती फोडणी केलीय, भाजी दुसऱ्याचीच.

नवा_पासधारक:
२००० साली सरकारने 'स्पीक गुड इंग्लिश' चळवळ उगाच नाही काढली. 'कॅन लाह' (म्हणजे 'हो, जमेल की') म्हणून नोकरी मिळते का?

क्लेमेंटीकर:
मुलाखतीत कोणी वऱ्हाडीही बोलत नाही. म्हणून वऱ्हाडी चुकीची? आणि २०१६ मध्ये 'शिओक' (म्हणजे मस्त) आणि 'लेपाक' ऑक्सफर्डच्या कोशात गेले. ('लाह' मलय की चिनी, यावर अजून भांडणं चालू आहेत, तो वेगळा धागा काढा.)

खवचट_काकू:
बेडोककर, मलय तरी कुठे सोवळ्यातली? गुरू, सुका म्हणजे आवड, पुआसा म्हणजे उपवास, सगळं संस्कृतातून. 'शिओक'मागचा 'स्योक' म्हणजे अरबी-फारसी शौक, आपल्याकडेही आलेला. 'गोस्तान' तर इंग्रज खलाशांचं 'गो अस्टर्न'. मलयमध्ये मुरलं आणि आता सिंगापूरकर गाडी मागे घेताना तेच म्हणतात.

बेडोककर:
उसनं घेण्याला हरकत नाही हो काकू. मलयने 'गुरू' घेतला तो शिक्षकासाठी. सिंग्लिशने 'कायू', म्हणजे लाकूड, घेतला तो फुटबॉलच्या पंचाला शिव्या घालायला.

खवचट_काकू:
पंचाला 'कायू' मलेशियातले मलय प्रेक्षकही म्हणतात. शिवी तरी अस्सल आहे!

बेडोककर:
शिवीचं मान्य. पण त्या शिवीपुढचं एक आख्खं मलय वाक्य बोलणारा बिगर-मलय तरुण दाखवा, मग वारसा म्हणेन.