अठरा वर्षांचा अनुभव पगारपत्रकात नेमका कुठे दिसतो?

प्रश्न – रात्रपाळी

मी सांगली जिल्ह्यातील एका १४० खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्यापासून अठरा वर्षे सलग काम केले असून त्यातली शेवटची सहा वर्षे आयसीयूची इनचार्ज म्हणून काम पाहते. रुग्णालयाचे नाव येथे लिहिणार नाही आणि कोणी ओळखले तरी कृपया लिहू नये.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगी रुजू झाली. हुशार आहे, कामाला चटपटीत आहे, आठ महिन्यांचा अनुभव आहे. तिला २१,००० रुपये ठरले, माझा पगार २८,४०० आहे. तिच्या पगाराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तिलाही ते कमीच पडतात. परंतु घरी येऊन सहज हिशेब केला, तेव्हा आमच्यातील फरक ७,४०० रुपयांचा निघाला आणि अठरा वर्षांनी भागल्यावर वर्षाला साधारण ४११ रुपये आले. म्हणजे मी एका वर्षात जे काही शिकते, त्याची किंमत महिन्याला ४११ रुपये.

मी नेमके काय शिकले, हेही सांगायला हवे, नाहीतर ही केवळ पगाराची रड वाटेल. मध्यंतरी पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण रात्री आमच्याकडे होता. रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ९७, ड्रेसिंग कोरडे, ड्रेनच्या, म्हणजे पोटात साचणारे रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीत जवळपास काहीच नाही. नव्या मुलीने तक्ता व्यवस्थित भरला होता आणि त्यात चूक काहीच नव्हती. मला मात्र ती रिकामी पिशवीच खटकली, कारण नाडी दोन तासांत ९० वरून ११६ वर गेली होती, लघवी कमी झाली होती, आणि संध्याकाळी शांत असलेला माणूस उगाचच चादर ओढत होता, कूस बदलत होता. ड्रेन गुठळीने बंद झाली असावी आणि रक्त आतच साठत असावे, अशी शंका आल्याने मी पहाटे पावणेतीनला सर्जनना फोन केला. रक्तदाब चांगला आहे ना, मग थांबू, असे ते आधी म्हणाले. मी पुन्हा फोन केला. रुग्णाला परत थिएटरमध्ये घेतले आणि तो आठ दिवसांनी चालत घरी गेला.

त्याचे बिल मी योगायोगाने पाहिले. त्यात सर्जनची फी होती, भूलतज्ज्ञांची होती, फिजिशियनच्या प्रत्येक व्हिजिटचे पैसे होते. परिचर्येसाठी दिवसाला ठरावीक रक्कम लावली होती आणि शेजारच्या खाटेवरील, अगदी स्थिर असलेल्या रुग्णालाही तेवढीच लावली होती.

माझा प्रश्न असा आहे की, अनुभवी परिचारिकेला मिळणारा पगार रास्त आहे की नाही, हे ठरवायचे कशावर? सरकारी वेतनाशी तुलना करावी, की रुग्णालयाच्या उत्पन्नाशी? आणि याबाबत कायद्याचा काही आधार आहे का?

उत्तर – निवृत्त परिसेविका (वॉर्ड सिस्टर)

ताई, तुलनेसाठी सरकारी कोष्टक समोर ठेवते. राज्यात सातव्या वेतन आयोगानुसार अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी एस-१३ आहे, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. दरवर्षी साधारण ३ टक्के वेतनवाढ मिळत गेली, तर सतरा वेतनवाढींनंतर मूळ वेतन ५८,६०० होते. महागाई भत्ता ५० टक्के धरला तरी बेरीज ८७,९०० वर जाते. घरभाडे भत्ता वेगळा. शिवाय पदोन्नती मिळाली नाही, तर १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे पद न बदलता वरच्या वेतनश्रेणीचा, लाभ असतो, तो मी या हिशेबात धरलेला नाही. केंद्राच्या रुग्णालयांत तर हेच पद सातव्या स्तरावर, ४४,९०० पासून सुरू होते, आणि दोन्हीकडे शिक्षण तेच असताना हा फरक का, हा आमचा जुना वाद आहे.

मात्र सरकारी नोकरीत अनुभवाला किंमत मिळते, असे समजू नये. तेथे किंमत मिळते ती उलटलेल्या वर्षांना. माझ्याच बॅचच्या एका मैत्रिणीने वीस वर्षे अतिदक्षता विभागात काढली, दुसरीने बाह्यरुग्ण विभागात. दोघींचे वेतन एकच होते. मला परिसेविका म्हणून बढती मिळाली, तेव्हा पेढे वाटले, पण त्यानंतर माझा दिवस इंडेंट (साहित्याची मागणी), लिननचा हिशेब, डेड स्टॉक (टिकाऊ सामानाची नोंद) आणि ड्युटीचा तक्ता यांतच जाऊ लागला. रुग्णाच्या हाताला हात लावून काही समजण्याची जी कला वीस वर्षांत आली होती, ती रजिस्टरे भरण्यात खर्च झाली. पुढे अधिसेविकेच्या (मेट्रनच्या) खुर्चीपर्यंत जायचे, तर रुग्णापासून आणखी लांब जावे लागते. उत्तम परिचारिकेने खाटेजवळच राहावे आणि तरीही तिची श्रेणी वाढावी, अशी सोय आपल्याकडे केलेलीच नाही. त्यामुळे वेतनाचा आकडा मागताना सरकारकडे बोट दाखवा, पण अनुभव मोजायची पद्धत आमच्याकडून घेऊ नका.

उत्तर – नर्सिंग शिक्षिका, पुणे

कायद्याबद्दल विचारले आहे, म्हणून लिहिते. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा आणि कामाच्या परिस्थितीचा विचार करण्यासाठी केंद्राला तज्ज्ञ समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीच्या शिफारशींनुसार २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेचे वेतन राज्य सरकारच्या समकक्ष परिचारिकेइतके असावे. १०० पेक्षा अधिक खाटा असतील, तर ते फार तर १० टक्क्यांनी कमी असावे. ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्क्यांनी. आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या, तरी २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये.

आपले रुग्णालय १४० खाटांचे, म्हणजे दुसऱ्या गटातले. वरच्या ताईंनी काढलेल्या ५८,६०० या मूळ वेतनातून १० टक्के वजा केले, तर ५२,७४० उरतात, आणि यात भत्ते धरलेले नाहीत. आपला आजचा पगार याच्या निम्म्याहून थोडासाच अधिक आहे.

अडचण अशी की या शिफारशी आहेत, कायदा नव्हे. आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने केंद्राने त्या राज्यांकडे पाठवल्या आणि पुढचे राज्यांवर सोडले. केरळमध्ये २०१७ मध्ये परिचारिकांनी मोठे आंदोलन केले आणि एप्रिल २०१८ मध्ये तेथील सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढून २०,००० रुपयांचे किमान मूळ वेतन बंधनकारक केले. आपल्याकडे संघटनांची ताकद मुख्यतः सरकारी रुग्णालयांत आहे. मे २०२२ मध्ये आपल्या परिचारिका संपावर गेल्या, तो संपही सरकारी पदे बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याच्या विरोधात होता. खाजगीतील मुलींसाठी कोण बोलणार?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. किमान वेतन म्हणजे तळ आहे. त्याने नव्या मुलीचे भले होते आणि व्हायलाच हवे, पण तळ वर आला आणि छत तिथेच राहिले, तर मधली जागा आणखी अरुंद होते. आपला ७,४०० चा फरक त्यामुळे कमीही होऊ शकतो.

उत्तर – एक डॉक्टर (३५ खाटा)

मी पलीकडच्या बाजूचा आहे, त्यामुळे शिव्या पडतील हे गृहीत धरून लिहितो.

लहान रुग्णालयाचा मोठा खर्च पगारांवर होतो, हे खरे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका शस्त्रक्रियेचे एकच पॅकेज मिळते आणि त्यातच खाट, औषधे, परिचर्या, जेवण असे सगळे बसवावे लागते. विमा कंपन्याही नर्सिंग चार्जेस खोलीभाड्यात धरतात. मी सर्वांत अनुभवी सिस्टर नेमली काय किंवा कालच उत्तीर्ण झालेली मुलगी नेमली काय, मला मिळणारी रक्कम तीच राहते. डॉक्टरचा अनुभव त्याच्या फीमध्ये दिसतो, म्हणून तो विकता येतो. परिचारिकेचा अनुभव बिलाच्या कोणत्याच ओळीत दिसत नाही, म्हणून आम्ही मालक मंडळी तो फुकट मिळणारी वस्तू समजतो. हे समर्थन नव्हे, यंत्रणा कशी चालते ते सांगतो आहे.

पण या हिशेबात आमचीही एक लबाडी असते आणि ती मला उशिरा कळली. दोन वर्षांपूर्वी माझी सर्वांत जुनी सिस्टर पाच हजारांच्या फरकासाठी दुसरीकडे गेली. मी अडवले नाही. त्या पगारात नवीन मुलगी आणि वर थोडी बचत, असे गणित मांडले होते. पुढच्या चार महिन्यांत दोन मुली आल्या आणि गेल्या. प्रत्येकीला शिकवण्यासाठी दुसरी एक अडकून पडली, रात्री मला स्वतःला खाली यावे लागू लागले आणि ज्या दोन सर्जनना मी सिस्टरच्या भरवशावर रुग्ण ठेवायला सांगत असे, त्यांच्यापैकी एकाने अवघड केसेस माझ्याकडे आणणेच बंद केले. पाच हजार वाचवण्यासाठी मी किती घालवले, ते लिहिण्याची लाज वाटते. ती सिस्टर परत आली नाही.

आपण व्यवस्थापनाशी बोलणार असाल, तर सरकारी वेतनाचा आकडा आधी काढू नका, कारण तो ऐकताच आमच्यासारख्यांचे कान बंद होतात. मागील तीन वर्षांत आयसीयूतून किती जणी सोडून गेल्या, प्रत्येक वेळी नवीन मुलगी एकटीने पाळी सांभाळण्याजोगी व्हायला किती आठवडे लागले आणि तोवर तिची जबाबदारी कोणी घेतली, एवढे कागदावर लिहून न्या.

उत्तर – कंत्राटी

आपल्याला निदान ४११ रुपये तरी मिळतात. मी राष्ट्रीय आरोग्य अभियानात अकरा महिन्यांच्या आदेशावर आहे. प्रत्येक आदेशानंतर सेवेत खंड दाखवतात आणि पुन्हा नवीन आदेश देतात, त्यामुळे कागदावर मी बारा वर्षांची अनुभवी नसून बारा वेळा नव्याने लागलेली आहे. दहा वर्षे पूर्ण झालेल्यांच्या समायोजनाचा, म्हणजे नियमित सेवेत सामावून घेण्याचा, शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला आहे. माझी फाइल अजून टेबलावरच आहे.

उत्तर – मूळची पुण्याची, सध्या इंग्लंड

परदेशात सगळे आलबेल असते, असा समज होऊ नये म्हणून थोडे लिहिते. येथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, नवीन परिचारिका पाचव्या बँडमध्ये (वेतनश्रेणीत) लागते. २०२४-२५ मध्ये तो २९,९७० ते ३६,४८३ पौंडांचा होता आणि चार वर्षांत त्याच्या टोकाला पोहोचता येते. त्यानंतर सहाव्या बँडची जागा मिळाली नाही, तर पाच वर्षे काम केलेली आणि पंचवीस वर्षे काम केलेली, दोघी एकाच आकड्यावर उभ्या असतात. मी पुण्यातील नऊ वर्षांचा अनुभव घेऊन आले, तरी सुरुवात पहिल्याच पायरीपासून झाली. डिसेंबर २०२२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेच्या संपात मीही थंडीत फाटकापाशी उभी होते.

तरीही एक फरक आहे. येथे प्रत्येक बँडचे काम लिहिलेले असते. सहाव्या बँडची जबाबदारी माझ्याकडून करून घेतली जात असेल, तर माझ्या पदाचे पुन्हा मूल्यमापन करा, असा अर्ज मला करता येतो. इनचार्जचे काम करायचे आणि पदनाम मात्र स्टाफ नर्सचे, हे येथेही घडते, पण ते कागदावर सिद्ध करता येते. ताई, आपल्याकडे तसा कागद आहे का?

प्रश्नकर्ती – रात्रपाळी

सर्वांचे आभार. डॉक्टर, आपण प्रामाणिकपणे लिहिलेत, त्याचे विशेष वाटले. आपली सिस्टर जिथे असेल तिथे सुखात असो.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी काल ड्युटीचे जुने तक्ते काढून बसले. तीन वर्षांत आमच्या आयसीयूतून अकरा जणी गेल्या. त्यांतील बहुतेकींना मी शिकवले होते आणि चौघी आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांत माझ्यापेक्षा अधिक पगारावर आहेत. नवीन मुलीला एकटीने रात्र सांभाळता यायला सरासरी दहा आठवडे लागले, असे दिसते. ही माहिती आणि सोबत इनचार्ज म्हणून वेगळा भत्ता देण्याची मागणी, असा एक पानाचा अर्ज लिहिते आहे. ५२,७४० चा आकडा सध्या माझ्या वहीतच राहील, पण मागच्या पानावर लिहून ठेवला आहे.

इंग्लंडच्या ताईंचा प्रश्न वाचल्यावर मी घरातील फाइल उघडली. रुजू झाल्याचे पत्र सापडले, दरवर्षीच्या वेतनवाढीची पत्रे सापडली. आयसीयू इनचार्ज म्हणून नेमणूक केल्याचे पत्र मात्र त्यात नाही. सहा वर्षांपूर्वी राउंडच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी "सिस्टर, आजपासून तुम्ही बघा" एवढेच म्हटले होते, आणि मी बघायला लागले. त्यामुळे अर्जातील पहिली मागणी आता बदलली आहे. आधी ते पत्र मागणार आहे आणि भत्त्याचे त्यानंतर.